जुन्या गाडीचं स्टेअरिंग बदलताना

सरकारी कागदपत्रांत ‘सुकाणू समिती’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. इंग्रजीतल्या स्टेअरिंग कमिटीला मराठीनं दिलेलं हे नाव. सुकाणू म्हणजे गलबताला दिशा देणारी मागची फळी. मूळ शब्द अरबी, ‘सुक्कान’. अरबी समुद्रातून ये-जा करणाऱ्या गलबतांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि इथलाच होऊन गेला. ‘नाखवा’ हा शब्दही असाच, फारसीतल्या ‘नाखुदा’वरून आलेला. गंमत अशी, की समितीला आपण सुकाणू म्हणतो, पण मोटारीत ज्याला खरोखर सुकाणू म्हणावं त्याला मात्र स्टेअरिंगच म्हणतो. मीही आज स्टेअरिंगच म्हणणार आहे. कारण गॅरेजमध्ये जाऊन ‘सुकाणू बदलायचं आहे’ म्हटलं, तर मेस्त्री आधी माझ्या तब्येतीची चौकशी करील.

विषय छोटा आहे : जुन्या मोटारीचं स्टेअरिंग बदलणं. जाणता मेस्त्री हे काम तासा-दोन तासांत उरकतो. मग त्यावर एवढं बोलायचं कशाला, असं कुणी विचारील. जुन्या गाड्यांची हौस असणारी माणसं आता गावोगावी दिसतात. वडिलांची, आजोबांची गाडी रंगवून, घासूनपुसून रस्त्यावर आणतात. त्यात आधी बदलली जाते ती सतत डोळ्यांसमोर असणारी वस्तू, म्हणजे स्टेअरिंग. सीटकव्हर निवडावं तसं ते निवडलं जातं. पण सीटकव्हर फाटलं तर फार तर लाज वाटते. स्टेअरिंग दांड्यावरून निसटून हातात आलं, तर गाडीला वळवण्याचं दुसरं साधन आपल्यापाशी नसतं. ब्रेकनं दगा दिला तर हँडब्रेक आहे, गिअर उतरवता येतो. स्टेअरिंगला जोडीदार नाही. म्हणून ते यंत्राचा भाग समजून निवडावं आणि तसंच बसवावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आरंभीच्या मोटारींना स्टेअरिंग नव्हतंच. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकी गाडीत उभ्या खांबावर एक दांडा होता, होडीच्या सुकाणूला असतो त्याच जातीचा. तो इकडेतिकडे फिरवला की पुढचं चाक वळे. १८९४ साली पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. तिच्यात अल्फ्रेड वाशरों या गृहस्थानं आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं होतं. मोटारीला स्टेअरिंगचं चाक लावल्याचं हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दांडे मागे पडले आणि चाक रूढ झालं. त्याचं कारण साधं आहे. दांडा थोडासाच हलवता येतो, म्हणून सगळा जोर एकदम लावावा लागतो. चाक दोन-तीन फेरे फिरवता येतं. जोर थोडा थोडा लावायचा आणि फेरे वाढवायचे. विहिरीच्या रहाटाचं तत्त्व तेच. रहाट जेवढा मोठा, तेवढी बादली हलकी. हे तत्त्व ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता माझ्या गाडीकडे येतो. मी सोलापूरचा. आमच्याकडे १९७८ची प्रीमिअर पद्मिनी आहे. पन्नाशी गाठायला तिला अजून थोडा अवकाश आहे, मी ती ओलांडली आहे. अब्बांचा चादरींचा छोटा व्यापार होता. १९८६ साली त्यांनी ती जुनी विकत घेतली. मागच्या सीटवर चादरींचे गठ्ठे आणि पुढे आम्ही भावंडं, असे आम्ही पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट पालथं घातलं. ही गाडी मुळात इटलीतली फियाट ११००. इटालियन भाषेत अकराशेला ‘मिलेचेंतो’ म्हणतात, तेच तिचं नाव. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली. १९६४पासून तिचं ‘डिलाइट’ हे रूप मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलं आणि १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. हा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आमच्या सोलापुरातच झाला, याचा आम्हा सोलापूरकरांना उगाचच अभिमान आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे वर्षानुवर्षं हीच गाडी. २० वर्षांच्या मर्यादेमुळे तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली.

आमच्या गाडीच्या स्टेअरिंगला तडे गेले होते. यात कारखान्याचा दोष नव्हता, दोष उन्हाचा आणि वयाचा. त्या काळातल्या जगभरच्या गाड्यांना हे दुखणं होतं. स्टेअरिंगच्या आत लोखंडी सळईचं कडं असतं. त्यावर कडक प्लॅस्टिक ओतलेलं असतं. उन्हानं लोखंड आणि प्लॅस्टिक दोन्ही पसरतात, रात्री आक्रसतात. पण दोघांचं पसरणं सारखं नसतं. प्लॅस्टिक अधिक ताणलं जातं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्यातली लवचीकता गेलेली असते. मग ते तडकतं, आणि बहुधा आरा जिथे कड्याला मिळतो तिथेच तडकतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये काच बंद करून गाडी उन्हात लावली, तर आत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तडा दिसला की आपल्याकडे पहिला इलाज कव्हरचा. रेक्झिनचं कव्हर चढवायचं किंवा ट्रकवाले गुंडाळतात तशी रंगीत प्लॅस्टिकची दोरी गुंडाळायची. असं केल्यानं तडा झाकला जातो, पुढे वाढतो आणि आपल्याला दिसत नाही. शिवाय सैल कव्हर घामेजल्या हातात कड्यावरून सरकतं. हात फिरतो, स्टेअरिंग फिरत नाही. म्हणून पहिलं काम हे, की कव्हर काढून स्टेअरिंग उघड्या डोळ्यांनी बघावं.

प्रत्येक तडकलेलं स्टेअरिंग बदलावं लागत नाही. लोखंडी कडं आणि मधला भाग शाबूत असेल, तर नुसतं प्लॅस्टिक दुरुस्त करता येतं. बैलगाडीच्या चाकात जसा तुंबा असतो, तसाच स्टेअरिंगचाही मध्यभाग असतो. मी त्याला तुंबाच म्हणतो. तड्याच्या दोन्ही कडा कानशीनं इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात कोरायच्या, आतला गंज खरवडून काढायचा, दोन ट्यूबमधलं मिश्रण करून लावायचा एपॉक्सीचा गोंद थराथरानं भरायचा, पूर्ण वाळू द्यायचा, पॉलिशपेपरनं घासून गोलाई आणायची आणि मग प्रायमर लावून रंग द्यायचा. धीराचं काम आहे, पण घरी होण्यासारखं आहे. मूळ वस्तू राहते, खर्चही थोडा.

अब्बांचं स्टेअरिंग असंच दुरुस्त करावं ही माझी फार इच्छा होती. घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या दोन जागा त्यांच्या अंगठ्यांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मी गाडी चालवायला बसलो की माझे अंगठे आपोआप तिथेच जात. पण मेस्त्रींनी प्लॅस्टिकचा एक टवका काढला, आरा तुंब्याला जिथे जोडलेला असतो तिथे बॅटरीचा उजेड पाडला आणि मला वाकून बघायला सांगितलं. जोडावर केसासारखी काळी रेघ होती. त्यांनी कडं दोन्ही हातांत धरून हलकेच पुढेमागे केलं. रेघ उघडली, मिटली.

“साहेब, प्लॅस्टिक मी भरून देतो. ह्याला भरता येत नाही,” ते म्हणाले.

“वेल्डिंग?”

“करणारे करतात. मी करत नाही.”

त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कारखान्यात तो जोड ठरावीक धातूचा, ठरावीक उष्णतेत होतो आणि तपासला जातो. रस्त्याकडेच्या वेल्डिंगमध्ये जोड वरून भरलेला दिसतो, आत पोकळी राहिली की नाही ते कळत नाही, आणि शेजारचं लोखंड तापून ठिसूळ होऊ शकतं. खाट मोडली आणि वेल्डिंग सुटलं तर माणूस जमिनीवर येतो. स्टेअरिंगचं वेल्डिंग सुटलं तर काय होईल, ते बोलून दाखवायची गरज नाही. तेव्हा नियम असा : फक्त प्लॅस्टिक तडकलं असेल तर दुरुस्ती, लोखंड, जोड किंवा तुंब्याच्या आतले दाते खराब असतील तर बदली.

बदलायचं ठरलं, तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला. त्यानं छोटं, तीन आऱ्यांचं, शर्यतीच्या गाडीसारखं स्टेअरिंग पाहून ठेवलं होतं.

“अब्बू, एकदम मस्त दिसेल,” तो म्हणाला.

“दिसेल रे, पण वळेल का?” मी विचारलं.

इथे तो रहाट पुन्हा येतो. आमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. वळवायचा सगळा जोर दंडातून येतो. समजा जुनं स्टेअरिंग १६ इंच व्यासाचं आहे आणि नवं १३ इंचांचं. सोळाला तेरानं भागा. तेवढंच वळण घ्यायला आता सुमारे २३ टक्के अधिक जोर लागेल. मोकळ्या रस्त्यावर फारसं जाणवणार नाही. पण मंगळवार पेठेच्या गर्दीत गाडी वळवताना, किंवा अचानक कुत्रं आडवं आलं तेव्हा, तोच जोर कमी पडतो. गाडी बनवणाऱ्यानं स्टेअरिंगचा व्यास, खालच्या गिअरचं प्रमाण आणि टायरवरचं वजन यांचा हिशेब एकत्र मांडलेला असतो. गझलेत रदीफ, काफिया आणि वृत्त एकमेकांना धरून असतात, तसंच हे. एक बदललं की बाकीच्यांवर ताण येतो.

छोट्या स्टेअरिंगची दुसरी अडचण तुंब्याची. गाडीच्या दांड्याच्या टोकाला उभे बारीक दाते असतात आणि तुंब्याच्या आत त्यांना जुळणाऱ्या खाचा. बाहेरचं स्टेअरिंग बसवायला मध्ये वेगळा जोडतुकडा लागतो. तो त्याच गाडीसाठी बनवलेला असेल तर ठीक. नसेल, तर कुणी दाते कानशीनं घासतो, कुणी मध्ये पत्र्याची पट्टी ठोकून घट्ट करतो. हे दोन्ही प्रकार जिवाशी खेळ आहेत. पट्टी ठोकून बसवलेलं स्टेअरिंग पहिल्या दिवशी घट्ट लागतं, म्हणून फसवतं.

तिसरी गोष्ट छातीच्या सुरक्षेची. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगचा दांडा म्हणजे सरळ भाला. समोरून धडक झाली तर तो मागे, चालकाच्या छातीकडे येतो. धडकेत स्वतः दबून जोर शोषणारा दांडा आणि छातीला कमी इजा करणारं स्टेअरिंग अमेरिकेत नव्या मोटारींना १ जानेवारी १९६८पासून सक्तीचं झालं. आमच्या गाडीची मूळ आखणी त्याच्या आधीची. तेव्हा मध्यभागी टोकदार बटण असलेलं किंवा मूळ स्टेअरिंगपेक्षा छातीच्या अधिक जवळ येणारं काही बसवू नये. आणि हेही सांगून ठेवतो, की ज्या गाडीत एअरबॅग आहे तिच्या स्टेअरिंगला घरी हात लावू नये. ते प्रशिक्षित माणसाचंच काम.

आम्ही मुंबईहून मूळ मापाचं जुनं स्टेअरिंग मागवलं. जुनं घेताना पाच गोष्टी आपल्या जुन्या स्टेअरिंगशेजारी ठेवून ताडून पाहाव्यात : व्यास, तुंब्याची खोली, दात्यांची संख्या आणि जाडी, हॉर्नची जोडणी, आणि वळण झाल्यावर इंडिकेटर बंद करणाऱ्या खुंटीची जागा. एकाच नावाच्या गाडीतही वर्षावर्षाला बारीक फरक पडलेले असतात. फोटोवरून खात्री होत नाही. आणि आरे तुंब्याला जोडलेली जागा घासून, उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता प्रत्यक्ष काम. ते मेस्त्रींकडून करून घेतलंत तरी आपण शेजारी उभं राहावं, म्हणून क्रम सांगतो.

गाडी सपाट जागी घ्यावी आणि दहा-पंधरा पावलं सरळ पुढे नेऊन थांबवावी, म्हणजे पुढची चाकं खरोखर सरळ होतात. जागेवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवून अंदाजानं सरळ करू नये. मग बॅटरीची वायर काढावी, आधी निगेटिव्ह. हॉर्नची वायर तुंब्यातूनच येते. बॅटरी चालू असेल तर काम होईपर्यंत गल्ली जागी होते आणि शॉर्टसर्किटची भीती राहते ती वेगळीच. हॉर्नची टोपी काढताना खालची स्प्रिंग, वायसर, पितळी पट्टी ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं कापडावर मांडाव्यात. हल्ली खिशात मोबाइल असतो, प्रत्येक पायरीचा फोटो काढावा.

टोपीखाली मोठा नट दिसतो. तो सैल करताना स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवून तिथे अडकवून जोर लावायचा नाही, कारण मग सगळा ताण खालच्या बॉक्सवर जातो. दुसऱ्या माणसानं स्टेअरिंग हातांनी घट्ट धरावं. नट सैल झाला तरी पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर राहू द्यायचा. याचं कारण असं, की तुंबा वर्षानुवर्षं दांड्यावर बसून चिकटलेला असतो. तो सुटतो तेव्हा एकदम सुटतो, आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर येतो. नट राहू दिला तर तो तिथेच अडतो.

त्याआधी दांड्याच्या टोकावर आणि तुंब्यावर, एका रेषेत, टोच्यानं बारीकशी खूण करायची. ही खूण सगळ्यात महत्त्वाची आहे, ती का ते थोड्या वेळानं सांगतो.

चिकटलेला तुंबा सोडवायला गंज सैल करणारं तेल आदल्या रात्री टाकून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी पुलर लावावा. पुलर म्हणजे दोन पायांचा ओढणारा स्क्रू. भाड्यानं किंवा उसना मिळतो. पुलर नसला की लोक दोन गोष्टी करतात. कुणी दांड्याच्या टोकावर हातोडी मारतो. त्यानं आटे चेपतात आणि तो मार थेट खालच्या बॉक्समधल्या बेअरिंगना बसतो. कुणी कड्याला मागून गुद्दे मारतो, त्यानं चांगलं असलेलं प्लॅस्टिकही तडकतं. मेस्त्री हातोडी शोधू लागले, तर त्यांना चहा पाजावा आणि पुलर येईपर्यंत थांबवावं.

स्टेअरिंग निघालं की दांड्याचे दाते तारेच्या ब्रशनं साफ करून पाहावेत. दाते गोलसर झाले असतील, आटे झिजले असतील तर काम तिथेच थांबवावं, कारण अशा दांड्यावर नवं स्टेअरिंगसुद्धा सुरक्षित नाही. सगळं नीट असेल तर ग्रीसचं पुसट बोट फिरवून नवं स्टेअरिंग खुणेला खूण जुळवून बसवायचं. नट आणि त्याखालचं लॉकचं वायसर शक्यतो नवं घ्यावं. नट किती घट्ट करायचा याचं माप त्या गाडीच्या वर्कशॉपच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि ते टॉर्क पान्यानं मोजता येतं. कमी घट्ट केलं तर सुटतं आणि अती घट्ट केलं तर आटे ताणले जातात.

आता त्या खुणेचं रहस्य. कधी कधी असं होतं, की गाडी सरळ धावते आहे पण स्टेअरिंगचे आरे तिरपे आहेत. लोकांना वाटतं, स्टेअरिंग काढून एक-दोन दाते फिरवून बसवलं की झालं. समजा दांड्यावर ३६ दाते आहेत, तर एक दात म्हणजे १० अंश. आरे लगेच आडवे होतात, दिसायला छान. पण आत काय झालं ते पाहा. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. त्याला जुळणारा भाग त्या आट्यांतून सरकतो आणि चाकं वळतात. या दोघांची पकड अगदी मध्यावर सर्वांत घट्ट ठेवलेली असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्यापासून दूर गेलं की थोडी ढिलाई असते, वळताना ती चालते. आता आरे तिरपे होण्याचं खरं कारण खालचे टाय रॉड कमी-जास्त झाले हे असेल, तर गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यावर नसतोच. आपण वरून आरे आडवे करून मूळ आजार झाकतो. मग सरळ रस्त्यावर गाडी डुलते आणि आपण टायरवाल्याशी भांडतो.

बॉक्सचा मध्य शोधायची युक्ती सोपी आहे. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत न्यायचं, तिथून उजवीकडे शेवटपर्यंत किती फेरे होतात ते मोजायचे आणि निम्मे परत यायचं. तो मध्य. त्या जागी आरे आडवे असायला हवेत. तसे असूनही गाडी सरळ जात नसेल, तर टाय रॉडची दुरुस्ती करावी, स्टेअरिंगची नाही. म्हणून आधीची खूण हवी. खूण असली की निदान आपण होतं ते बिघडवलेलं नाही, हे समजतं.

कायद्यानंही या ढिलाईची दखल घेतली आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९८व्या नियमानुसार स्टेअरिंगची मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये, आणि जोडणीचे बोल्ट व पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. तेव्हा हे कामाला येतं. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ अशी वेगळी नोंदणी आणली आहे. मूळ मापाचे भाग जपण्याला यामुळे आणखी एक कारण मिळालं.

उरलं जुनं स्टेअरिंग. मला वाटलं होतं, ते भंगारवाल्याला देऊन टाकू. मेस्त्रींनी करवत पुढे केली.

“असंच दिलं तर कोणीतरी रंग मारून बाजारात आणेल. तडा दिसणार नाही. घेणारा आपल्यासारखाच लेकरंबाळं घेऊन गाडीत बसेल. कापून द्या.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. जुन्या बाजारात मिळणाऱ्या चकचकीत मालाची दुसरी बाजू हीच आहे. आपण स्वतः जुना माल शोधत फिरतो, तेव्हा आपणही त्या बाजाराला काय देतो याचा विचार केला पाहिजे. आम्ही दोन्ही आरे कापले. दहाच्या जागेचा, अब्बांच्या अंगठ्यानं झिजलेला वीतभर तुकडा मी मागून घेतला. मेस्त्रींनी त्याच्या कडा घासून दिल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. अम्मी आता थकली आहे. तिनं तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिला.

नवं स्टेअरिंग बसवल्यावर गाडी लगेच हमरस्त्यावर काढू नये. आधी उभ्या गाडीतच स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावं. कुठे घासत नाही ना, हॉर्न प्रत्येक जागी वाजतो ना, इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो ना, गिअरचा दांडा ओढताना बोटांची पेरं कड्याला लागत नाहीत ना, हे पाहावं. मग कडं दोन्ही हातांनी धरून वर-खाली, पुढे-मागे ओढून पाहावं. पहिली फेरी पहाटे, रिकाम्या मैदानात, सायकलच्या वेगानं. आठवड्याभरानं टोपी उघडून नट पुन्हा एकदा तपासावा.

आणि ज्यांना स्टेअरिंग बदलायचं नाही, पण घरी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी पाच मिनिटांचं काम सांगून थांबतो. आज रविवार आहे. गाडी दारातच उभी असेल. कव्हर असेल तर काढा. कड्यावरून बोट फिरवा, आऱ्यांच्या मुळाशी टॉर्चचा उजेड टाका. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि पुढचं चाक हलू लागेपर्यंत ते किती फिरतं ते बघा. दोन-तीन बोटांपेक्षा अधिक फिरत असेल, किंवा मुळाशी ती काळी रेघ दिसली, तर उद्या सकाळी गाडी काढू नका. मेस्त्रींनाच घरी बोलवा. येताना हातोडी आणू नका, पुलर आणा, एवढं मात्र त्यांना आवर्जून सांगा.